एमआरपी एक, दर दोन: साबण-बिस्किटांच्या कंपन्यांना किराणा दुकानदाराचं खुलं पत्र

प्रति,
साबण, टूथपेस्ट, चहा, बिस्किटं, शाम्पू आणि धुण्याची पावडर बनवणाऱ्या सर्व कंपन्यांचे विक्रीप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका कंपनीची दोन किलोची धुण्याची पावडर एजन्सीकडून, म्हणजे तुमच्या वितरकाकडून, मला 318 रुपयांना पडते. पाकिटावर छापलंय 360. छापील किमतीला घेणारं गिऱ्हाईक आता राहिलेलं नाही, म्हणून मी ती 345 ला देते. तीच पावडर, तेवढ्याच वजनाची, फोनवरच्या एका ॲपवर परवा 299 ला होती, वर घरपोच. म्हणजे मी ज्या दराला विकत घेते, त्याच्या एकोणीस रुपये खाली ती माझ्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पोचते.

हे वाचून तुम्हाला नवल वाटणार नाही. तुमच्या एरिया मॅनेजरला हे माहीत आहे, एजन्सीवाल्याला माहीत आहे, सोमवारी लाइनवर येणाऱ्या सेल्समनला तर पाठ आहे. आमच्या सिंहगड रस्त्यावरचे कितीतरी दुकानदार ऑफर लागली की ॲपवरून, नाहीतर मोठ्या दुकानसाखळीतून तेल, चहा, पावडर उचलतात आणि आपल्या फळीवर मांडतात. पूर्वी हे चोरून चालायचं. आता मार्केट यार्डात भुसाराच्या गाळ्यावर बिल होईपर्यंत उभं राहिलं की याच गप्पा कानावर येतात, आज कुठल्या ॲपवर काय पडलंय. दुकानदाराने किरकोळीत घेऊन किरकोळीतच विकायचं आणि तरी त्याला चार पैसे सुटायचे, हा व्यापार कुठल्या पुस्तकात बसतो ते तुम्हीच सांगा. तुम्ही एमबीए आहात, मी साधी बी.कॉम.

किराणा दुकानं का बंद पडतात यावर लेख पुष्कळ येतात. लोकांना वेळ नाही, गाडी लावायला जागा नाही, तरुण पिढीला फोनची सवय. यातलं काही खोटं नाही. वेळ वाचतो म्हणून गेलेलं गिऱ्हाईक मला समजतं आणि त्याच्यासाठी मी झगडूही शकते. फोन आला की आमच्या दुकानातला मुलगाही दहा मिनिटांत चौथ्या मजल्यावर पिशवी पोचवतो आणि त्याचे वेगळे पैसे आम्ही लावत नाही. दराशी मात्र मला झगडता येत नाही, कारण तो माझ्या हातात नाही. तो तुम्ही ठरवता. म्हणून हे पत्र गिऱ्हाइकांना नाही, ॲपवाल्यांनाही नाही, तुम्हाला आहे. चाळीस-पन्नास रुपये वाचत असतील तर माझी सख्खी बहीणही तिथूनच मागवील आणि मी तिला काही बोलणार नाही.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तुमचा माल कारखान्यातून डेपोत, डेपोतून एजन्सीच्या गोदामात आणि तिथून टेम्पोने आमच्याकडे येतो. एजन्सीवाल्याला चार-पाच टक्के सुटतात. गोदामाचं भाडं, टेम्पोचं डिझेल, सेल्समनचा पगार हे सगळं त्यातूनच. आम्हाला दहा-बारा टक्के, काही मालावर त्याहून कमी. व्यवहार बिल टू बिल चालतो, म्हणजे मागचं बिल चुकतं केल्याशिवाय पुढचा माल उतरत नाही. खपला नाही तर तो आमच्या गळ्यात. मुदत उलटली किंवा पाकीट फुटलं तर क्लेम लावायचा, म्हणजे भरपाई मागायची, आणि मग वाट बघायची. क्लेमचा कागद एजन्सीतून कंपनीत जातो, कंपनीतून परत येतो, मध्ये एरिया मॅनेजर बदलतो, आणि नवा साहेब म्हणतो की जुनं मला ठाऊक नाही.

दुसरी वाट मॉडर्न ट्रेडची, म्हणजे मोठी दुकानं, ई-कॉमर्स आणि आता क्विक कॉमर्स, म्हणजे काही मिनिटांत घरपोच देणारी ॲप. तिथे माल ठरवून घेतलेल्या दराने थेट त्यांच्या गोदामात जातो, पैसे द्यायला मुदत मिळते, न खपलेला माल परत घेतला जातो. शिवाय पडद्यावर तुमचा शाम्पू सगळ्यांत वर दिसावा म्हणून तुम्ही त्यांना जाहिरातीचे पैसे मोजता. आमच्याकडेही डिस्प्लेचे पैसे देता, नाही असं नाही. महिनाभर काउंटरसमोरची आख्खी फळी तुमच्या मालाने भरून ठेवायची, त्याचे फोटो सेल्समनच्या फोनमध्ये चढवायचे, आणि मग कधीतरी तीनशे रुपयांची क्रेडिट नोट येते, म्हणजे पुढच्या बिलातून तेवढे वजा. त्या 299 रुपयांत तुमचे किती गेले आणि ॲपच्या गुंतवणूकदाराचे किती, हे बिल बघितल्याशिवाय मला कळायचं नाही, आणि ते बिल मला कुणी दाखवणार नाही. माझे 318 मात्र पूर्णपणे तुम्ही ठरवलेले आहेत.

गंमत अशी की कायद्याने छापील किंमत दोघांना एकच आहे. 1 जानेवारी 2018 पासून वेष्टित वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि एकाच मालावर दोन वेगवेगळ्या एमआरपी छापायला बंदी आली. त्याआधी तीच पाण्याची बाटली विमानतळावर आणि मल्टिप्लेक्समध्ये वेगळ्या छापील किमतीला मिळायची. बंदी आली ते बरंच झालं. पण दुकानदाराला माल कुठल्या दराने द्यायचा याबद्दल तो नियम काही बोलत नाही. आणि जिथे एमआरपीच अडचणीची ठरते तिथे वजन बदलता येतं. आमच्याकडे साबणाची 180 ग्रॅमची वडी, तिकडे 200 ग्रॅमचा खास पॅक. गिऱ्हाईक दोन्ही फोटो शेजारी ठेवून विचारतं, "काकू, तुमच्याकडे महाग का?" मी काय सांगू? तुम्ही सांगा, मी तसं छापून भिंतीला लावते.

तुमच्या कंपन्यांचा इतिहास तुमच्याच वेबसाइटवर वाचायला मिळतो. लिव्हर ब्रदर्सचा सनलाइट साबण 1888 मध्ये कोलकात्याच्या बंदरात उतरला. कोलगेट 1937 पासून भारतात आहे. पार्ल्याच्या कारखान्यातून 1929 पासून गोळ्या आणि 1939 पासून बिस्किटं निघू लागली. आमच्या मराठी माणसांपैकी केशव पेंढरकरांनी 1952 मध्ये विको काढली आणि दारोदार फिरून पावडर विकली. तमिळनाडूतल्या कडलूरहून 1983 मध्ये चिक शाम्पू पुडीत आला आणि शाम्पू विकायची रीतच पालटली. वेबसाइटवर एक गोष्ट मात्र लिहिलेली नसते. त्या पुडीची माळ दुकानाच्या दाराला टांगली कुणी, आणि शिकेकाईने केस धुणाऱ्या बायकांना "एकदा लावून तर बघा" म्हणून सांगितलं कुणी? माझ्या सासऱ्यांनी सांगितलं. त्यांनी स्वतः आयुष्यात शाम्पू लावला नाही, हा भाग वेगळा. उपकार म्हणून हे सांगत नाही, त्यांना त्यात पैसे मिळत होतेच. पण नवा माल खपवायची ती मेहनत तुमच्या ताळेबंदात कधी दिसली नाही आणि आमच्या मार्जिनमध्येही नाही.

25 मार्च 2020 आठवा. टाळेबंदी लागली आणि पहिल्याच दिवशी फ्लिपकार्टने सेवा तात्पुरती थांबवली, बाकीच्यांच्याही ऑर्डरी अडकल्या. आम्ही दुकानं उघडी ठेवली. खडूने वर्तुळं आखली, काउंटरला दोरी बांधली, पोलिसांचा पास काढून यार्डातून डाळी आणल्या. तुमच्या एजन्सीचे टेम्पो येत नव्हते तेव्हा आमच्या घरच्या स्कूटरवरून बिस्किटांचे खोके आले. त्या वर्षी तुमच्यापैकी अनेकांनी जाहिराती केल्या, किराणा दुकानदार म्हणजे कोरोनायोद्धे. टाळ्याही वाजल्या. दर तेच राहिले.

अगदी अलीकडचं सांगते. 22 सप्टेंबर 2025 ला साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल, बिस्किटं यांच्यावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. चांगली गोष्ट. ॲपवर मध्यरात्री पडद्यावरचे आकडे बदलले. माझ्या फळीवर मात्र जुन्या कराने घेतलेला माल होता, जुन्या किमती छापलेला, आणि सकाळी सातला गिऱ्हाईक दारात: टीव्हीवर सांगितलंय, कमी करा. कमी केलं. आम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या कर योजनेत आहोत, त्यामुळे भरलेल्या कराचं क्रेडिट आम्हाला मिळत नाही. मालाच्या किमतीत जो कर गेला तो गेला. काही कंपन्यांनी फरकाची रक्कम पुढच्याच बिलात वळती करून दिली, त्यांचे आभार. एका कंपनीने क्लेम लावा म्हणून सांगितलं. मग शिल्लक मालाचे फोटो मागितले, मग बॅच नंबर मागितले, आणि मग फोटोत बॅच नंबर दिसत नाही म्हणून कळवलं.

आता तुमचं उत्तर. ते मला सेल्समनपासून प्रादेशिक साहेबांपर्यंत सगळ्यांनी ऐकवलंय: जो जास्त उचलतो त्याला स्वस्त, हा व्यापाराचा नियमच आहे, वहिनी. मान्य. ट्रकभर माल एकाच गोदामात उतरवला की तुमचा वाहतुकीचा, वसुलीचा, माणसांचा खर्च वाचतो. तेवढी सूट त्यांना द्या, माझी तक्रार नाही. पण फरक वाचलेल्या खर्चाएवढाच आहे का? माझ्या मुलीने या प्रश्नावर एक अमेरिकन कायदा शोधून दाखवला. ए अँड पी नावाची दुकानसाखळी तिथे पंधरा हजारांवर दुकानांपर्यंत गेली होती आणि कारखानदारांना दाबून आपल्यापुरते दर पाडून घेत होती. गल्लीतले वाणी बुडायला लागले तेव्हा 1936 मध्ये रॉबिन्सन-पॅटमन कायदा आला. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन दुकानदारांना तोच माल वेगळ्या दराने विकून स्पर्धा मारायची नाही, खर्चात खरोखर फरक पडत असेल तर तेवढी सूट चालेल. भांडवलशाहीच्या माहेरघरी हे लिहिलंय बरं का, कुठल्या लाल बावट्याच्या देशात नाही.

तो कायदा पुढे कित्येक वर्षं धूळ खात पडला हेही खरं. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने दारूच्या एका बड्या वितरकावर त्याखाली खटला भरला, जानेवारी 2025 मध्ये पेप्सीवर भरला, आणि सरकार बदलल्यावर मे महिन्यात पेप्सीवरचा मागे घेतला. तेव्हा कायदा आला म्हणजे न्याय आला असं समजण्याइतकी मी भोळी नाही. आपल्याकडे तर तेवढंही नाही. 2002 च्या स्पर्धा कायद्यात भेदभावाच्या दराला बंदी आहे, पण ज्या कंपनीचं बाजारावर वर्चस्व सिद्ध होईल तिच्यापुरती. ते सिद्ध करायला किती काळ लागतो? दिल्लीच्या व्यापारी महासंघाच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने जानेवारी 2020 मध्ये ॲमेझॉन-फ्लिपकार्टची चौकशी लावली. ती थांबवायला कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या, मग सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि चौकशीचा अहवाल यायला 2024 उजाडलं. तेवढ्या काळात आमच्या रस्त्यावर दोन किराणा दुकानांच्या जागी मोबाइल कव्हरवाला आणि मोमोवाला आला.

2022 च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचं वितरण थांबवलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. मागणी हीच होती, दर समान ठेवा. तेव्हा भांडण दुकानदारांना थेट माल पुरवणाऱ्या जिओमार्ट, उडान, मेट्रो यांच्या दरांवरून होतं, त्यामुळे दुकानदार त्यात फारसे पडले नाहीत; स्वस्त माल त्यांनाच मिळत होता. आज तोच दराचा फरक एजन्सीला आणि दुकानदाराला दोघांनाही ओलांडून थेट गिऱ्हाइकाच्या घरात शिरलाय. वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने ऑक्टोबर 2024 मध्ये सांगितलं की वर्षभरात देशात दोन लाखांच्या आसपास किराणा दुकानं बंद पडली. आकडा त्यांचा आहे, थोडा चढवलेलाही असेल. पण चढवून सांगावं लागतं यातच काय ते आलं.

आमच्या धंद्यात खोट नाही असं कुणी समजू नये. सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट हातावर ठेवणारे आहेत, मुदत संपलेला मसाला मागच्या फळीवरून पुढे सरकवणारे आहेत, आणि काहींचा स्वभाव असा की गिऱ्हाइकाने पुन्हा येऊ नये म्हणूनच दुकान उघडलंय असं वाटावं. यासाठी लोक ॲपकडे गेले तर बरंच झालं. फक्त तिकडे सगळं लख्ख असतं या समजात राहू नका. जून 2025 मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने धारावीतल्या झेप्टोच्या गोदामाचा परवाना अस्वच्छतेवरून निलंबित केला, आणि त्याच महिन्यात बालेवाडीत ब्लिंकिटच्या गोदामावर कारवाई झाली. माझ्याकडची बुरशी गिऱ्हाइकाला काउंटरवरून दिसते. त्या गोदामाच्या आत गिऱ्हाइकाला पाऊलही ठेवता येत नाही. उधारीचं गाणं मी गाणार नाही. आमच्याकडची वही यूपीआयने निम्मी केली आणि मला त्याचं दुःख नाही.

तुमच्या फायद्याची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती तुमच्या मुंबईच्या कार्यालयात कुणी बोलत असेल असं वाटत नाही. जानेवारी 2024 मध्ये युरोपातल्या कारफूर या दुकानसाखळीने पेप्सिकोचा माल फळ्यांवरून काढून टाकला आणि तिथे पाट्या लावल्या की यांनी भाव मान्य न होण्याइतका वाढवलाय. त्याआधी ऑक्टोबर 2016 मध्ये ब्रिटनच्या टेस्कोचं युनिलिव्हरशी असंच वाजलं आणि काही माल ऑनलाइन दिसेनासा झाला. एकेका कंपनीची विक्री एखाद्याच गिऱ्हाइकाच्या मुठीत गेली की तो गिऱ्हाईक दर विचारत नाही, सांगतो. आज तुम्ही ज्यांना हळूहळू पोसताय त्यांच्याकडे स्वतःचे ब्रँडही आहेत. बिगबास्केटच्या डाळी-पिठांच्या पिशव्यांवर बीबी रॉयल छापलेलं असतं, तुमचं नाव नाही. पडद्यावर तुमचा साबण वरून तिसऱ्या ओळीत ढकलायला त्यांना एक बटण पुरतं. मी तुमच्याशी कितीही भांडले तरी तुमचा साबण माझ्या दुकानातून काढू शकत नाही, गिऱ्हाईक मागतं. आमच्यासारखी लाखो दुकानं ही तुमची ताकद होती, कारण आमच्यातला एकही तुम्हाला नाही म्हणण्याइतका मोठा नव्हता. हे गणित तुम्ही स्वतःच मोडताय.

मागणं फार मोठं नाही. एकाच वजनाच्या, एकाच एमआरपीच्या मालाला सगळ्या वाटांना मूळ दर एकच ठेवा, आणि जास्त उचल करणाऱ्याला सूट द्यायची तर ती कशाबद्दल आणि किती, हे एजन्सीच्या दरपत्रकावर छापा. नवा माल तिकडे आधी आणि इकडे तीन महिन्यांनी, हे बंद करा. टीव्हीवर जाहिरात बघून मुलं आमच्याकडे येतात आणि आम्ही मान हलवतो. मुदत संपलेल्या मालाचा क्लेम ठरलेल्या दिवसांत निकालात काढा, त्यासाठी साहेब बदलला तरी चालेल. ऑर्डरसाठी तुम्ही ॲप दिलीत, हिंदुस्थान युनिलिव्हरचं शिखर, आयटीसीचं उन्नती, ती उपयोगी आहेत. रात्री दुकान बंद केल्यावर ऑर्डर टाकता येते, स्कीम समोर दिसते. मग त्याच पडद्यावर आम्हाला दुसऱ्या वाटेचा दरही दिसू द्या. लपवण्यासारखं काही नसेल तर अडचण कसली?

आमच्या रस्त्यावरच्या काही दुकानदारांनी मिळून एक ठरवलंय, ते कळवते. पुढच्या महिन्यापासून काउंटरसमोरची, डोळ्यांच्या रेषेतली फळी आम्ही लहान कारखानदारांना देणार आहोत. खेड शिवापूरकडचा एक जण धुण्याची पावडर बनवतो, भोरच्या बचत गटाच्या बायका मसाले आणि कुरडया देतात, सासवडचा एक मुलगा अंगाचा साबण. फेस जरा कमी, वास साधा, पाकिटावर सिनेमातली बाई नाही. पण दर सगळ्यांना एक आणि मार्जिन वीस टक्के. दोन ठिकाणी लावून बघितलंय, "घेऊन बघा" म्हटलं की लोक घेतात. तुमचा माल बंद करणार नाही, तो मागच्या फळीवर असेल आणि मागितला की देऊ. डिस्प्लेच्या त्या तीनशे रुपयांच्या क्रेडिट नोटा तुमच्याकडेच ठेवा.

सोमवारी सेल्समन येईल आणि फळीचा फोटो काढायला लागेल तेव्हा मी त्याला या पत्राची प्रत देणार आहे. त्याच्यावर डाफरू नका. टार्गेट त्याचंच बुडणार आहे आणि इन्सेंटिव्हही त्याचाच.

आपली,
एक किराणा दुकानदार,
सिंहगड रस्ता, पुणे